गुलाबाच्या बुडाले गाठ आली? फवारणी पंप आधी खाली ठेवा

पहिले गाठ नीट पाहा. सोयाबीन-तुरीच्या मुळावरची गाठ बोटानं चोळली की निघते अन् फोडली तर आतून गुलाबी, ती कामाची आहे, राहू द्या. मुळीच जागोजागी सुजलेली दिसली तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत. पण गुलाब, शेवंती, द्राक्षाच्या बुडाशी मातीलगत नाहीतर डोळा भरल्या जागी आधी फिकट मऊ अन् मग तपकिरी, खडबडीत, टणक गाठ दिसली तर बहुतेक क्राउन गॉल, म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू.

कृषी केंद्रात लगेच बुरशीनाशक हातात देतात, पण ही बुरशीच नाही तर त्यानं होणार काय? आणि जिवाणू मारला तरी गाठ वाढतच राहते, काऊन ते समजून घ्या. खुरपं लागलं, छाटणी केली की जखमेतून झाड काही रसायनं सोडतं, जिवाणूले त्याचा वास लागतो अन् त्याचे 'व्हिर' जीन, म्हणजे हल्ला करायचे जीन, चालू होतात. त्याच्याजवळ टीआय प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं कडं असतं, त्यातला टी-डीएनए नावाचा तुकडा कापून तो झाडाच्या पेशीत घुसवतो आणि तो थेट झाडाच्या डीएनएत जाऊन बसतो. आता पेशी स्वतःच ऑक्सिन अन् सायटोकायनिन बेसुमार बनवते, दोन्ही वाढीचे हार्मोन, म्हणून पेशी वाढतच जातात. वरून ओपाइन नावाचं खाद्यही बनवते जे या जिवाणूलेच पचतं. दुसऱ्याच्या वावरात आपलं पीक घेणं म्हणतात ते हेच बाप्पा! (गाठीचे जीन काढून त्या जागी कामाचा जीन टाकायची युक्ती शास्त्रज्ञांनी इथूनच उचलली, २००२ मध्ये भारतात आलेली पहिली बीटी पऱ्हाटी, म्हणजे बीटी कापूस, याच जिवाणूच्या हातून बनलेली.)

म्हणून औषध नाही, बंदोबस्त आहे. झाड मुळासकट उपटा, जाळा, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. सिकेटर प्रत्येक झाडानंतर स्पिरिटमध्ये बुडवा, डवरताना-निंदताना बुडाले खरचटू देऊ नका, सगळा खेळ जखमेचाच आहे. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो, त्यामुळे त्या जागी परत गुलाब नको, ज्वारी-मका घ्या, त्याले हा रोग सहसा होत नाही. अन् नवीन कलम आणताना नर्सरीवाला कुरकुरला तरी बुडाची माती सारून पाहूनच पैसे द्या.