संपर्क-नोंदी अचूक आणि अद्ययावत कशा ठेवाव्यात: कोकणातील लहान व्यावसायिकांसाठी

देवगडचा आंबा बागायतदार, वेंगुर्ल्याचा काजू कारखानदार, मालवणात निवास-न्याहारी चालवणारे कुटुंब आणि हर्णै बंदरातील मासळीचा व्यापारी यांचे धंदे निराळे असले, तरी एक गोष्ट यांतील बहुतेकांकडे सापडते. फोनमध्ये एक, बिलांच्या वहीत दुसरी आणि संगणकावर तिसरी अशा, एकमेकींशी न जुळणाऱ्या संपर्क-याद्या त्यांच्याकडे असतात. या याद्या मुळात चुकीच्या लिहिलेल्या नसतात. ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशी ती बहुधा बरोबरच असते. पुढे माणसे क्रमांक बदलतात, बिऱ्हाड हलवतात, दुकान मुलाच्या नावावर करतात, बँका एकमेकींत विलीन होतात, आणि आपल्या यादीला यातले काहीच कळत नाही. म्हणून नोंद बरोबर आहे का, या प्रश्नाआधी ती शेवटची केव्हा, कोणी आणि कशावरून तपासली, हा प्रश्न विचारायला हवा. त्याचे उत्तर प्रत्येक नावापुढे लिहिलेले असावे, आणि या लेखातील बाकीच्या सूचनांचा आधारही तोच आहे.

पहिले काम म्हणजे मुख्य यादी कोणती, हे एकदाच ठरवून टाकणे. ती संगणकावरील साध्या तक्त्यात असो, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असो किंवा उलाढाल लहान असेल तर जाड पुठ्ठ्याच्या वहीत असो. साधनावरून वाद घालण्यात वेळ दवडू नये. मात्र बदल प्रथम त्या एका ठिकाणी होईल आणि फोनमधील नावे तिथून घेतली जातील, उलट दिशेने नाही, हा नियम घरातील आणि कामावरील सर्वांना माहीत असला पाहिजे. यादी सांभाळण्याची जबाबदारीही एकाच व्यक्तीकडे असावी. माझ्या मते ती मालकाकडे असू नये, रोज बिले करणाऱ्या माणसाकडे असावी, कारण पत्ता किंवा क्रमांक बदलल्याचे पहिल्यांदा त्यालाच समजते.

तक्ता आखताना व्यक्तीचे नाव, पेढीचे नाव, त्या व्यक्तीचे काम, मोबाईल, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि बँकेचा तपशील यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत, आणि त्यांच्यापुढे तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचे नाव आणि तपासणीचा आधार असे आणखी तीन रकाने जोडावेत. आधार म्हणजे 'फोनवर स्वतः सांगितले', 'बिलावरून घेतले', 'रद्द केलेल्या धनादेशावरून घेतले' असे दोन-तीन शब्द. पुढे शंका आली तर कोणती नोंद पक्की आणि कोणती ऐकीव, हे या शब्दांवरून कळते. व्यक्तीचे काम लिहिण्याचा रकाना अनेक जण वगळतात, पण वाशीच्या बाजारातील एकाच गाळ्यावर माल उतरवून घेणारा, पट्टी (विक्रीचा हिशेब) करणारा आणि पैसे पाठवणारा ही तीन वेगळी माणसे असू शकतात, आणि ऐन एप्रिलमध्ये चुकीच्या माणसाला फोन करण्यात अर्धी सकाळ निघून जाते.

संगणकावर यादी करणाऱ्यांनी एक तांत्रिक गोष्ट सुरुवातीलाच करावी. फोन, खाते क्रमांक आणि पिनकोड यांचे रकाने आकडे भरण्यापूर्वीच 'टेक्स्ट' प्रकारचे करून ठेवावेत. तसे न केल्यास एक्सेल सुरुवातीचा शून्य आणि अधिकचे चिन्ह खाऊन टाकते, लांब संख्या विचित्र रूपात दाखवते, आणि संख्या 15 अंकांपेक्षा मोठी असेल तर पुढचे अंक शून्य करून ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक असा बिघडला तर तो नुसत्या नजरेला समजत नाही आणि मूळ अंक परत मिळवताही येत नाहीत. मोबाईल क्रमांक नेहमी अधिक 91 लावून, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावा, म्हणजे गोव्यातून किंवा आखातातून फोन करणाऱ्या घरच्या माणसालाही तोच क्रमांक चालतो. देवनागरी '९' आणि रोमन '9' ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे अंक कोणत्या लिपीत लिहायचे हेही एकदाच ठरवावे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील, तर त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतल्याशिवाय नव्या तक्त्यात चिकटवू नयेत, कारण शोधताना त्यातील एकही नाव सापडणार नाही.

नावे आणि पत्ते

या विषयावर बाहेरच्या मार्गदर्शिका दोन ओळींत आटोपतात, पण आपल्या किनाऱ्यावर बहुतेक गोंधळ इथेच होतो. एका गावात एकाच आडनावाची पंचवीस-तीस घरे असणे ही कोकणात नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यांत एकाच नावाची दोन माणसे असणेही नवलाचे नाही. तेव्हा नुसते नाव, आडनाव आणि गाव लिहून भागत नाही. वडिलांचे नाव आणि वाडी या दोन गोष्टी प्रत्येक नोंदीत सक्तीच्या समजाव्यात. गावातल्या पोस्टमनला आणि पार्सल पोचवणाऱ्या मुलाला वाडी कळली की घर सापडते. खूण लिहायचीच असेल तर देऊळ, शाळा, होडीची तर अशी टिकाऊ खूण लिहावी. 'नव्या दुकानाच्या पुढे' ही खूण दोन वर्षांत निरुपयोगी होते. माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते टोपणनावही वेगळ्या रकान्यात जरूर घ्यावे, फक्त ते बिलावर किंवा पार्सलच्या चिठ्ठीवर छापले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

गावांच्या नावांचीही तीच अडचण आहे. मुरूड रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातही आहे. वेळास मंडणगड तालुक्यात आहे तसे श्रीवर्धन तालुक्यातही आहे. नांदगाव मुरूडजवळ आहे आणि कणकवली तालुक्यातही आहे. म्हणून गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहिलाच पाहिजे. पिनकोड आहे म्हणून तालुका नको, असा विचार कोणी करू नये. रत्नागिरी शहराचा पिन 415612 आणि दापोलीचा 415712 आहे. एक अंक चुकला की माल जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. शिवाय 415 ने सुरू होणारे पिन सातारा जिल्ह्यातही आहेत आणि 416 ने सुरू होणारे सिंधुदुर्गाप्रमाणेच कोल्हापुरातही आहेत, त्यामुळे पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा ओळखता येत नाही. पिकायला लागलेला आंबा असलेली पेटी घाटापलीकडे जाऊन परत येईपर्यंत आतले फळ गिऱ्हाइकाला देण्याजोगे राहत नाही, आणि ते नुकसान सहसा पाठवणाऱ्यालाच सोसावे लागते.

ज्यांच्या याद्या रोमन लिपीत आहेत त्यांनी आडनावांचे एकच लेखन ठरवावे. सावंत कोणी व्ही वापरून लिहितो, कोणी डब्ल्यू. गावकर तीन-चार प्रकारे लिहिलेला आढळतो. ग्राहकाच्या बँक खात्यावर किंवा जीएसटी नोंदणीवर जे लेखन असेल तेच मुख्य रकान्यात घ्यावे.

स्वतःची चूक दाखवून देणारे क्रमांक

काही क्रमांकांची रचनाच अशी असते की फोन न करताही त्यांतील चूक पकडता येते. जीएसटी क्रमांक 15 चिन्हांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्रासाठी 27 आणि गोव्यासाठी 30. पुढची दहा चिन्हे म्हणजे त्या करदात्याचा पॅन. आणि शेवटचे चिन्ह पडताळणीसाठी असते. सावंतवाडी-बांद्याकडच्या व्यापाऱ्यांची गिऱ्हाइके दोन्ही राज्यांत असल्याने पहिल्या दोन अंकांकडे त्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण बिलात आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील विक्रीवरचा कर) लावायचा की नाही, याचा प्रश्न तिथे वारंवार येतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणीचे नाव आणि ती चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणालाही पाहता येते. वडिलांच्या एकट्याच्या मालकीचे दुकान मुलाकडे आले की पॅन बदलतो आणि त्याबरोबर जीएसटी क्रमांकही बदलतो. दुकानाची पाटी आणि फोन जुनाच राहत असल्याने ही बाब वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

बँकेचा आयएफएससी, म्हणजे शाखेची ओळख सांगणारा कोड, 11 चिन्हांचा असतो आणि त्यातील पाचवे चिन्ह शून्य असते. तिथे इंग्रजी ओ अक्षर टाइप झाले आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर बँकेचे नाव पाहावे. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदामध्ये, तर सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा भाग झाली. यांपैकी कोणतेही जुने नाव यादीत दिसले, तर ती नोंद शिळी आहे असे समजून खातेदाराकडून नवा तपशील घ्यावा. दूरध्वनीच्या बाबतीत देवगड 02364, मालवण 02365, वेंगुर्ले 02366 आणि कणकवली 02367 असे लागोपाठचे कोड आहेत, त्यामुळे एका अंकाची चूक झाली की फोन शेजारच्या तालुक्यात लागतो.

तपासणी कधी आणि कशी करावी

मार्च ते मे हा काळ यासाठी नाही. त्या दिवसांत हाती लागलेले बदल नुसते टिपून ठेवावेत. खरी तपासणी पावसाळ्यात करावी. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात, आंब्याच्या पट्ट्या येऊन हिशेब मिटत आलेले असतात आणि निवासांत पर्यटकही तुरळक असतात. रोज थोडी थोडी नावे घेतली तर दोन महिन्यांत मध्यम आकाराची यादी पूर्ण होते. सुरुवात नावांच्या अक्षरक्रमाने करू नये. ज्यांच्याशी सर्वांत मोठे व्यवहार होतात आणि ज्यांची तपासणीची तारीख सर्वांत जुनी आहे, ती नावे आधी घ्यावीत. मुंबईची गिऱ्हाइके गणपतीला गावी येतात, तेव्हा उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची प्रत्यक्ष भेट होऊ शकते.

फोनवर विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. आपल्याकडचा पत्ता वाचून दाखवून 'बरोबर आहे ना?' असे विचारले, तर घाईत असलेला माणूस न ऐकताच होकार देतो. त्याऐवजी 'नमस्कार, पुढच्या हंगामाचे बिल आणि पार्सल कोणत्या पत्त्यावर करू, तेवढे सांगता का?' असे विचारून उत्तर आपल्या नोंदीशी ताडून पाहावे. वयस्कर गिऱ्हाइकांशी बोलताना प्रकृतीची विचारपूस आधी आणि पत्ता नंतर, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यात गेलेला वेळ वाया जात नाही. फोन उचलणारी व्यक्ती अनोळखी निघाली तर तिला काहीही माहिती देऊ नये. बंद पडलेला मोबाईल क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, त्यामुळे जुन्या क्रमांकावर पाठवलेली बिले आणि खात्यांचे तपशील भलत्याच माणसाकडे जाण्याचा धोका खरा आहे.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून आंब्याचे दर कळवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश पोचतो. एखाद्या नियमित गिऱ्हाइकापर्यंत संदेश पोचत नसेल, तर नोंद आपल्या बाजूला नव्हे, त्यांच्या बाजूला राहून गेलेली असू शकते. आपला क्रमांक जतन करण्याची विनंती तपासणीच्या फोनवरच करावी.

बँक खाते बदलल्याचा संदेश आला तर

या एका बाबतीत मी कोणतीही सवलत सुचवणार नाही. पुरवठादाराच्या नावाने 'आमचे खाते बदलले आहे, पुढील रक्कम या नव्या खात्यात पाठवा' असा संदेश किंवा ईमेल आला, तर त्यात दिलेल्या क्रमांकावर फोन न करता आपल्या यादीत आधीपासून असलेल्या, तपासलेल्या क्रमांकावर करावा आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडून खात्री झाल्यावरच नोंद बदलावी. 1 एप्रिल 2025 पासून एनईएफटी आणि आरटीजीएस (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धती) करताना खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी देणे बंधनकारक आहे. ते नाव यादीतील नावाशी जुळत नसेल तर पैसे थांबवावेत, समोरचा कितीही घाई करत असला तरी.

जुन्या नोंदींचे काय करावे

एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी सापडल्या तर त्या एकत्र करताना ज्या नोंदीची तपासणी अलीकडची आहे ती ठेवावी आणि दुसरीतील जास्तीचा तपशील तीत हलवावा. फोनमधील आपोआप एकत्र करण्याची सोय उपयोगी आहे, पण एकाच नावाचे दोन भिन्न बागायतदार तीत एक होऊन बसतात, म्हणून प्रत्येक जोडी वाचूनच संमती द्यावी. बदललेला पत्ता पुसून न टाकता 'पूर्वीचा' म्हणून बाजूच्या रकान्यात ठेवावा, कारण जुनी बिले शोधताना त्याची गरज पडते. निधन झालेल्या व्यक्तीची नोंद त्याच दिवशी संदेशांच्या यादीतून काढावी. हंगाम सुरू झाल्याचा आनंदी संदेश त्या घरी जाणे हे कोणत्याही आर्थिक चुकीपेक्षा वाईट आहे. ज्यांच्याशी व्यवहार संपला आणि ज्यांनी आपली माहिती काढून टाकण्यास सांगितले, त्यांचे म्हणणे मान्य करावे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. कर-हिशेबासाठी आवश्यक असलेली बिले मात्र त्यांच्या मुदतीपर्यंत ठेवावी लागतात, हे त्यांना नीट समजावून सांगावे.

तपासणी संपली की यादीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी जतन करावी आणि महत्त्वाच्या नावांची छापील प्रत, वर तारीख घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. वादळात वीज आणि मोबाईलचे मनोरे दोन्ही बंद पडतात. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड आणि श्रीवर्धन भागातील लोकांनी ते अनुभवले आहे. पुढच्या वर्षी नवी प्रत निघाली की जुनी प्रत फाडून टाकावी, म्हणजे घाईच्या वेळी चुकीचा कागद हाती येणार नाही.