सीताखाईच्या अंगाला तंबू ठोकताना

शहाद्यात आमचं मंडप-डेकोरेशनचं काम. लग्नसराई उरकली की पोरं दुकानावर येतात, "भाऊ, तोरणमाळला रात्र काढायचीय, कोणता टेंट घेऊ?" टेंट कोणताही घ्या हो. जागा चुकली तर महागातलाही रात्रभर जागवतो.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, तेव्हा शांतता शोधायला जाऊ नका. यात्रा बघायची असेल तर जरूर जा. शहाद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हसावद-राणीपूर करत घाट चढायचा. पेट्रोल आणि किराणा शहाद्यातच भरा. दुपारी तीनच्या आत वर पोचलात तर जागा निवडायला उजेड हाताशी राहतो. तंबू कुठे लावू देतात ते आधी वनखात्याच्या माणसाला आणि गावात विचारा. नाही म्हणाले तर गावात मुक्काम करा, वाद घालू नका.

आता जागा. पठार चालता चालता एकदम तुटतं आणि समोर सीताखाई. काळ्या बेसॉल्टचे थर एकावर एक, खाली झाडी. बघताक्षणी प्रत्येकाला वाटतं, तंबूचं तोंड इथंच काढावं, सकाळी चेन उघडली की दरी! अजिबात नको. काठाचा मुरूम सुटा असतो, वारा सरळ अंगावर येतो आणि रात्री लघवीला उठलेल्या माणसाला अंधारात कडा दिसत नाही. कड्यापासून निदान शंभर पावलं मागे या. ओढ्याच्या पात्रात आणि तलावालगतच्या सखल भागातही नको. गार हवा जड असते, ती रात्री खोलगटात येऊन साचते. त्याच तलावापासून थोडं वर चढलं तरी फरक कळतो. तोरणमाळची उंची सुमारे १,१५० मीटर, म्हणजे शहाद्यापेक्षा हजारएक मीटर वर. एवढ्या चढाला साधारण सहा अंश तापमान उतरतं, म्हणून शहाद्यात स्वेटर लागत नसला तरी वर ब्लँकेट लागणारच.

वर डोळे करून झाडही बघा. वाळकी फांदी असेल तर त्याच्याखाली तंबू नको.

मेखा ठोकणं हे आमचं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर. टेंटबरोबर येणाऱ्या तारेच्या बारीक मेखा तिथल्या जमिनीत वाकतात. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सळईच्या वीतभर लांब मेखा करून घ्या, वरचं टोक वाकवलेलं असू द्या. मेख सरळ उभी ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं, म्हणजे दोर आणि मेख यांत काटकोन होतो आणि ओढ बसली तरी ती उपटत नाही. दोन बोटं खाली गेली की दगड लागतो अशी जागा असेल तर मेखेचा नाद सोडा. दोर एका लांबट दगडाला बांधा आणि त्याच्यावर दुसरा जड दगड ठेवा. वाऱ्याच्या बाजूचे ताण आधी ओढायचे, दार वाऱ्याकडे पाठ करून. नायलॉनचा दोर दवाने ढिला पडतो, झोपायच्या आधी एकदा फिरून ताण बघा.

तंबूची वरची जाळी थंडी वाजते म्हणून बंद करू नका. श्वासाची वाफ कापडाला लागून पहाटे अंगावर टपकते. शेगडी किंवा निखाऱ्याची पाटी आत घेणं तर जीवावर बेततं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठतच नाही.

रात्री शेंगदाणा तेल घातलेली खिचडी पुरे. कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून बांधून नेला तर सकाळी चूल पेटवायची गरज नाही. कड्यांना आग्यामोहळं असतात, त्यामुळे काठावर धूर करू नका, सेंटही फवारू नका. जेवणाचं उरलंसुरलं बाहेर टाकून झोपलात तर रात्री तंबूभोवती खुडबुड ठरलेली.

सकाळी तंबू ओला गुंडाळू नका, उन्हात तासभर पसरा, नाहीतर घरी कुबट वास सुटतो. मेखा मोजून पिशवीत भरा, गवतात राहिलेली मेख गुराच्या पायात जाते. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवा. नुसता ब्रेक दाबत उतरलात तर लायनर तापून राणीपूरच्या अलीकडेच थांबावं लागेल.