दाते देश एकत्र काम करतात का, हे कसं तपासावं

गरीब देशांना मदत देणारे देश आपसांत ताळमेळ ठेवतात का, याचा अभ्यास करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं असतं की पॅरिस (२००५), अक्रा (२००८) आणि बुसान (२०११) इथले मदतीविषयीचे आंतरराष्ट्रीय ठराव मागाहून वाचा. आधी मदत घेणारा एक देश धरा आणि त्याचं एक सरकारी खातं. टांझानियाचं आरोग्य खातं त्यासाठी उत्तम, तिथल्या प्रकल्पांचे हिशेब मी तपासलेत.

पहिला प्रश्न: पैसा कुणाच्या बँक खात्यात जमा होतो? १९९९ मध्ये तिथे हेल्थ बास्केट फंड सुरू झाला. डेन्मार्क, आयर्लंड, स्वित्झर्लंड अशा देशांनी पैसे एकत्र टाकायचे, जिल्ह्याने वर्षाचा एकच आराखडा करायचा, हिशेबही एकच. २०१७-१८ पासून ही रक्कम थेट दवाखान्यांच्या बँक खात्यात जाऊ लागली. फंडाबाहेरचे प्रकल्प पाहिले की फरक लगेच कळतो. लशींचा फ्रिज एका देशाचा, मोटारसायकल दुसऱ्याची, प्रत्येकाचा फॉर्म निराळा, ऑडिटर निराळा. तिमाही संपली की जिल्ह्याचा हिशेबनीस तोच खर्च पुन्हा पुन्हा नव्या नमुन्यात भरत बसतो, आणि फ्रिजच्या गॅसच्या बिलावर त्याची सही हवी म्हणून नर्सबाई दाराशी ताटकळत असतात. गरिबाच्या वाट्याची मदत अशी कागदात अडकते, याची मला फार चीड येते.

मग सरकार आणि दात्यांच्या बैठकीचं अध्यक्षपद कुणाकडे, ते बघा. नव्वदच्या दशकात टांझानिया आणि दात्यांचं बिनसलं होतं. डेन्मार्कच्या पैशातून अर्थतज्ज्ञ जेराल्ड हेलायनर यांच्या गटाने १९९५ मध्ये अहवाल दिला: सूत्रं टांझानियाच्या हाती हवीत. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. पुढे बजेटच्या महिन्यांत शिष्टमंडळं पाठवू नका, असंही सरकारने दात्यांना सांगितलं. हे पाळलं जातं का, तेही विचारा.

आकड्यांसाठी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचा डेटा उघडा. प्रत्येक प्रकल्पाला पाच आकडी कोड असतो, प्राथमिक आरोग्यसेवेचा १२२२०. एकाच कोडखाली छोट्या छोट्या रकमांची रांग दिसली, तर तिथे ताळमेळ आहे का, ते खोलात जाऊन बघा.

भारत या समितीचा सदस्य नाही. टांझानियातल्या दार-ए-सलाम शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी भारताने मुंबईच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत दिलेलं कर्ज तुम्हाला तिथे सापडणार नाही. त्यासाठी बँकेची कर्जयादी आणि टांझानियाचं बजेट शेजारी ठेवून वाचा.