काम मध्येच सुटलं तर? आर्किटेक्टच्या करारातल्या या चुका टाळा

‘काम मध्येच थांबल्यास उभयपक्षी चर्चेने रक्कम ठरवली जाईल.’ छोट्या ऑफिसांच्या करारात हे वाक्य हमखास सापडतं. बिनसल्यावर कसली उभयपक्षी चर्चा? क्लायंट तेव्हा फोनही उचलत नाही. आकडा सही करतानाच लिहायचा.

आणि आकडे दोन लिहायचे. करार मध्येच सोडल्याची भरपाई ती टर्मिनेशन फी. तुमची ड्रॉइंग्ज पुढे वापरायची किंमत ती लायसन्स फी. दोन्ही एकाच कलमात कोंबली की प्लॉट विकून मोकळा झालेला क्लायंट म्हणतो, ‘ड्रॉइंग वापरतच नाही, मग पैसे कसले?’ आणि दुसऱ्या आर्किटेक्टकडे गेलेला म्हणतो, ‘सोडल्याचे दिले ना, आता प्लॅन माझा.’ अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेच्या बी101 या छापील करारनाम्यात, 2017 च्या आवृत्तीत, या दोन फींसाठी दोन वेगळ्या जागा सोडल्या आहेत. भरायच्या मात्र आपणच.

दहशत बसेल असा आकडाही टाकू नका. ‘उरलेली सगळी फी द्यावी लागेल’ हे कागदावर छान दिसतं, पण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारभंगासाठी लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. म्हणून हिशेब दाखवता येईल असा आकडा हवा. समजा, बंगल्याची फी 12 लाख. सँक्शनपर्यंत, म्हणजे प्लॅनला सरकारी मंजुरी मिळेपर्यंत, 40 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार आले. उरले 7 लाख 20 हजार. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला दिलेला शब्द, या कामासाठी नाकारलेलं दुसरं काम, हे धरून उरलेल्याच्या 10 टक्के, म्हणजे 72 हजार, कुणालाही समजावता येतात. ड्रॉइंग्ज तुम्हीच रखडवली म्हणून क्लायंटने करार सोडला, तर ही फी लागू नाही, हेही लिहा. सही करताना तो याच ओळीने निवांत होतो.

लायसन्सचं कलम एका ओळीत उरकू नका. कोणता प्लॉट, किती इमारती, किती वर्षं, सगळं हवं. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर अख्खा भारत! एका बंगल्याचा प्लॅन दुसऱ्या गावच्या प्लॉटवर उठवला गेला, तर वाद घालत बसाल. नव्या आर्किटेक्टने केलेल्या बदलांची जबाबदारी तुमची नाही, हेही तिथेच टाका.

सगळ्यांत महागात पडते ती ‘बांधकाम थांबवू’ या भरवशावर राहण्याची चूक. त्याच कायद्याच्या कलम 59 प्रमाणे बांधकाम एकदा सुरू झालं की कॉपीराइटच्या जोरावर ते थांबवायचा किंवा पाडायचा आदेश मिळत नाही; उरतो पैशांचा दावा. नव्या आर्किटेक्टसाठीचं ना-हरकत पत्र (एनओसी) अडवून धरणारे बरेच आहेत, पण तेवढ्याने वसुली होत नाही, कटुता तेवढी वाढते. लायसन्स फी बँकेत जमा झाल्यावरच लायसन्स सुरू होईल आणि कॅड फाइल (ड्रॉइंगची संगणकावर बदलता येणारी फाइल) मिळेल, असं लिहा. सँक्शनच्या ड्रॉइंग्जचा सेट मात्र क्लायंटकडे आधीच गेलेला असतो. त्यामुळे सँक्शनपर्यंतचा हप्ता 20-25 टक्के इतका कमी ठेवू नका.