वर्षभर सायन्स फिक्शन वाचायचंय? मग असं सुरू करा

बहुतेक जण सायन्स फिक्शन वाचायचं ठरवतात आणि थेट जाडजूड सिरीजच हातात घेतात, मग पहिल्या शंभर पानांत ग्रहांची नावं, राजघराणी, यानांचे प्रकार सगळं एकदम अंगावर येतं आणि पुस्तक कपाटात जातं ते जातंच. मी गेलं वर्षभर ठाणे-वाशी येता-जाता हेच वाचतेय आणि माझं ठाम मत झालंय की सुरुवात कथांपासूनच करायची. ट्रान्स हार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे जरा आधी पोचलं की बसायला मिळतं, आणि वाशीपर्यंत साधारण अर्ध्या तासात एक कथा आरामात होते.

पहिलं पुस्तक मराठीच घ्या. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, यातलं कुणाचंही चालेल. विकत घ्यायचीही घाई नको, ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे जाऊन विज्ञानकथा विचारा. नारळीकरांचा किस्सा माहितीये ना? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे ज.वि.ना. उलटं करून ना.वि.ज., आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. पहिला नंबर आला! एवढा मोठा शास्त्रज्ञ नाव बाजूला ठेवून फक्त कथेच्या जोरावर उतरतो, मला हे फार भारी वाटतं.

आता मुख्य गोष्ट, वाचायचं कसं. प्रत्येक कथा संपली की वहीत दोनच ओळी लिहा: लेखकाने जगातली नेमकी कुठली गोष्ट बदलली, आणि त्याने माणसं कशी बदलली. बस. यान किती वेगाने जातं वगैरे विसरलात तरी चालेल, ही दुसरी ओळ मात्र टाळू नका, कारण चांगल्या विज्ञानकथेचा जीव तिथेच असतो.

उर्सुला ल ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) घ्या. तिथल्या बर्फाळ ग्रहावर माणसं एरवी ना पुरुष ना बाई, महिन्यातले थोडे दिवस यातलं काहीतरी एक होतात, आणि काय होणार ते आधी ठरलेलं नसतं. बदल एवढाच. पण मग बघा काय काय होतं, मूल कुणालाही होऊ शकतं, एका ठिकाणी तर राजालाच दिवस गेलेत, त्यामुळे बाळंतपण हे कुणा एकाच्याच वाट्याचं काम राहत नाही. बाहेरून आलेला पाहुणा मात्र समोरच्याला सारखा पुरुष किंवा बाई ठरवायला बघतो आणि अडकतो. मी हे लेडीज डब्यात बसून वाचत होते आणि कोपरखैरण्याच्या आसपास एकदम लक्षात आलं की त्या ग्रहावर लेडीज डबाच नसणार, त्याची गरजच कुणाला सुचणार नाही. वहीत मी तेच लिहिलं.

जुनं वाचताना साल आधी बघा. वेल्सची 'टाइम मशीन' १८९५ ची, त्यात आठ लाख वर्षांनंतर वर मजेत राहणारे आणि जमिनीखाली राबणारे अशा माणसांच्या दोन वेगळ्या प्रजातीच झाल्यात, ते तेव्हाच्या इंग्लंडमधले मालक आणि कामगार डोळ्यासमोर ठेवून वाचलं की अंगावर येतं. आणि १९०५ ची बेगम रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम' तर आवर्जून वाचाच, पुरुष पडद्यात, कारभार बायकांकडे, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर! आपल्याच उपखंडातल्या बाईने लिहिलेली, छोटीशी आहे, एका बैठकीत होते.

विज्ञान कळलं नाही म्हणून थांबू नका, पुढे वाचत राहा आणि नंतर एखादाच आकडा शोधा. लिऊ त्सिशिन यांच्या 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'साठी मला एकच आकडा पुरला, आपल्या सगळ्यात जवळची तारामंडळी चार प्रकाशवर्षांहून थोडी लांब आहे, म्हणजे प्रकाशालाही तिथे पोचायला चार वर्षांच्या वर लागतात. म्हणजे आज निरोप पाठवला तर उत्तर यायला आठ वर्षांच्या वर, आणि माणसांना जायचं तर कित्येक पिढ्या! हे डोक्यात बसलं की त्या पुस्तकातली परग्रहवासीयांची भीती खरी वाटायला लागते. चिनी नावांचा गोंधळ होतोच, बुकमार्कवर नाव आणि काम लिहून ठेवा.

भय किंवा जादूवालं काही असेल, म्हणजे नारायण धारप वगैरे, तरी वहीतल्या दोन ओळी त्याच.

आणि दिवाळीत लायब्ररीची दिवाळी अंकांची योजना असते ती घ्या, अनुक्रमणिकेत विज्ञानकथा दिसली की आधी ती वाचा, नवीन नावं तिथेच सापडतात, आणि नाव आवडलं तर त्याच काउंटरवर त्या लेखकाचा संग्रह मागा.