बास्केटबॉलचे आकडे शिकताना: आधी छेद पक्का करा

प्रत्येक सामन्यातले गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा मिळवलेला चेंडू), असिस्ट (बास्केट घडवणारा पास) यांची सरासरी काढून रंगीत तक्ता केला असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवा. संघ चांगला खेळतो की नुसता भराभर खेळतो, हे त्यातून कळत नाही. सामन्याला ९० गुण करणारा संघ ७० वाल्यापेक्षा आक्रमणात सरस असेलच असं नाही. कदाचित त्याच्या हातात चेंडूच जास्त वेळा येत असेल, आणि तितक्याच वेळा तो समोरच्याकडेही जात असेल. गुण हा अंश झाला. छेदात काय घेतलं, ते सांगा. शिकणारे बहुतेक जण अडखळतात ते इथेच. गणित अवघड असतं म्हणून नव्हे, इतकं सोपं दिसतं की कुणी तपासून बघत नाही म्हणून.

छेदात हवं पझेशन. एका संघाकडे चेंडू आल्यापासून तो समोरच्या संघाकडे जाईपर्यंतचा सगळा काळ म्हणजे एक पझेशन. शॉट चुकला, आपल्याच खेळाडूने आक्रमक रिबाउंड घेतला, पुन्हा शॉट मारला, पुन्हा चुकला, पुन्हा आपणच उचलला आणि तिसऱ्यांदा बास्केट झाली, तरी हे एकच पझेशन. शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत मोजणारं घड्याळ) पुन्हा लावलं जातं म्हणून पझेशन नवं होत नाही. बॉक्स स्कोअरवरून (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यावरून) अंदाज काढायचं सूत्र खाली आहे. त्यात फील्ड गोल म्हणजे चालू खेळातला शॉट, टर्नओव्हर म्हणजे शॉट न घेताच गमावलेला चेंडू, आणि फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट:

पझेशन = फील्ड गोल प्रयत्न − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर + ०.४४ × फ्री थ्रो प्रयत्न

०.४४ कुठून आला, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळे फ्री थ्रो दोन-दोनच्या जोडीने मिळाले असते, तर गुणक सरळ ०.५ झाला असता. पण बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो नवं पझेशन खात नाही, कारण ते फील्ड गोल प्रयत्नात आधीच धरलं आहे. टेक्निकल फाउलचा (गैरवर्तनासारख्या कारणाने दिलेल्या फाउलचा) फ्री थ्रोही खात नाही. थ्री पॉइंट (लांबून मारलेल्या, तीन गुणांच्या) शॉटवर फाउल झाला तर तीन फ्री थ्रो मिळून एक पझेशन होतं. या सगळ्याची सरासरी एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) ०.४४ च्या आसपास येते. अमेरिकन कॉलेज सामन्यांसाठी बरेच जण ०.४७५ वापरतात. तुमच्या लीगचा प्ले-बाय-प्ले (सामन्यातल्या घटनांची क्रमवार नोंद) हाताशी असेल, तर तुमचा गुणक तुम्हीच मोजून काढा. पण तेवढ्यासाठी काम अडवून ठेवू नका, या फरकाने निष्कर्ष क्वचितच बदलतो.

निष्कर्ष उलटतो तो आक्रमक रिबाउंड वजा करायचे राहिले की. हा मुद्दा जरा लांबवतो, कारण या चुकीच्या फाइली अगदी व्यवस्थित दिसतात. ४० मिनिटांचा एक सामना कल्पून घ्या.

संघ अ: ६५ पैकी २८ फील्ड गोल (त्यात ७ थ्री), १८ पैकी १३ फ्री थ्रो, १२ आक्रमक रिबाउंड, १५ टर्नओव्हर, ७६ गुण.

संघ ब: ६० पैकी २६ फील्ड गोल (त्यात ८ थ्री), २० पैकी १४ फ्री थ्रो, ७ आक्रमक रिबाउंड, १३ टर्नओव्हर, ७४ गुण.

सूत्र नीट लावलं तर अ ची पझेशन ७५.९ येतात आणि ब ची ७४.८. दोन्हींची सरासरी ७५.४ घेऊन १०० पझेशनमागचे गुण काढा: अ १००.८, ब ९८.२. अ दोन गुणांनी जिंकला, तेच इथे दिसतं.

आता आक्रमक रिबाउंड वजा न करता बघा. अ ची पझेशन ८७.९, ब ची ८१.८. आक्रमणाचं रेटिंग (१०० पझेशनमागचे गुण) अ चं ८६.४, ब चं ९०.५. म्हणजे हरलेला संघ आक्रमणात चार अंकांनी सरस ठरला! अ ने चुकलेले शॉट पुन्हा पुन्हा उचलून सामना जिंकला आणि हिशेबात त्याच कष्टाची त्याला शिक्षा झाली. एक्सेल कुठेही लाल खूण दाखवणार नाही. आणि ८६, ९० हे आकडे कुणाला खटकतही नाहीत.

चूक पकडायची सोय मात्र खेळातच आहे. चेंडू आळीपाळीने जातो, त्यामुळे एका क्वार्टरमध्ये दोन संघांच्या पझेशनमध्ये फार तर एकाचा फरक पडतो (पहिलं आणि शेवटचं पझेशन एकाच संघाला मिळालं तर). अख्ख्या सामन्यात खरा फरक चारच्या वर जात नाही, बहुतेकदा एक-दोनच असतो. सूत्र अंदाजाचं असल्याने थोडं इकडेतिकडे होईल. पण ८८ विरुद्ध ८२ दिसलं की बाकी सगळं थांबवून नोंद तपासा. शीटमध्ये दोन्ही संघांच्या पझेशनमधल्या फरकाचा एक स्तंभ कायमचा ठेवा, आणि फरक तीनच्या वर गेला की रकाना रंगू द्या. एवढी एक सवय लागली तरी निम्मी कटकट वाचते.

फरक मोठा आला तर दोष बहुधा स्कोअरिंग टेबलावरून (जिथे सामन्याची नोंद होते तिथून) आलेला असतो. मुख्य संशयित दोन. पहिला, टीम रिबाउंड. शॉट चुकून चेंडू बचाव करणाऱ्याला लागून बाहेर गेला, तर आक्रमक रिबाउंड संघाच्या नावावर पडतो, खेळाडूच्या नाही. तो सूत्रात धरायचा. पण दोनपैकी पहिला फ्री थ्रो चुकल्यावर काही सॉफ्टवेअर डेड बॉल रिबाउंड लिहितात. तो धरायचा नाही, कारण चेंडू तेव्हा खेळातच नव्हता. दुसरा, टीम टर्नओव्हर. २४ सेकंद संपले तर टर्नओव्हर संघावर लागतो. खेळाडूंच्या ओळींची बेरीज करून संघाचे टर्नओव्हर काढले की हे गळतात. त्यामुळे नेहमी संघाची एकूण ओळ घ्या, बेरीज घेऊ नका. आणखी एक लक्षात असू द्या: फाउल होऊन चुकलेला शॉट फील्ड गोल प्रयत्नात मोजला जात नाही, पण ब्लॉक झालेला मोजला जातो. नवखा स्कोअरर दोन्हीकडे गडबड करतो.

छेद बसला की पुढचं काम खरंच हलकं आहे. घाबरवलं असेल तर हे ऐका: संघाची कामगिरी वाचायला चार आकडे जवळजवळ पुरतात. बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले हे चार घटक, आणि त्यांनी दिलेली ढोबळ वजनं अशी: शूटिंग ४०, टर्नओव्हर २५, आक्रमक रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. वजनं घोकू नका, क्रम लक्षात ठेवा.

शूटिंगसाठी इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी घ्यायची: (पडलेले फील्ड गोल + ०.५ × पडलेले थ्री) ÷ प्रयत्न. अ ४८.५ टक्के, ब ५०. टर्नओव्हर १०० पझेशनमागे: अ २०, ब १७. फ्री थ्रोसाठी पडलेले फ्री थ्रो ÷ फील्ड गोल प्रयत्न: अ २०, ब २३. तिन्ही घटकांत ब पुढे, तरी सामना अ चा. कारण चौथा घटक. इथे पुन्हा छेद बघा: आक्रमक रिबाउंडची टक्केवारी म्हणजे आपले आक्रमक रिबाउंड ÷ (आपले आक्रमक + समोरच्याचे बचावात्मक). समजा ब ने २७ बचावात्मक रिबाउंड घेतले आणि अ ने २९. तर अ ने आपल्या चुकलेल्या शॉटांपैकी ३९ मधले १२, म्हणजे ३१ टक्के परत मिळवले, ब ने ३६ मधले ७, म्हणजे १९ टक्के. नुसते एकूण रिबाउंड ४१ विरुद्ध ३४ सांगितले असते तर यातलं काहीच कळलं नसतं. समोरचा संघ जास्त शॉट चुकवतो तेव्हा बचावात्मक रिबाउंड आपोआप वाढतात, त्यात मर्दुमकी कसली?

वेग वेगळा मोजा आणि वेगळाच ठेवा. एनबीएत अलीकडच्या हंगामांत ४८ मिनिटांत एका संघाला साधारण १०० पझेशन मिळतात. फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा) सामना ४० मिनिटांचा असतो. दोन्हींचे प्रतिसामना आकडे शेजारी लावणारा आलेख दिसला तर पुढे वाचू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे भल्याभल्यांना मोह आवरत नाही. थ्री पॉइंटची एका सामन्यातली टक्केवारी जवळजवळ काहीच सांगत नाही. ३५ टक्क्यांचा संघ सामन्याला २५ थ्री मारतो, असं धरा. निव्वळ योगायोगाने येणारं प्रमाणित विचलन (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरतात त्याचं माप) साडेनऊ टक्के आहे. सहा पडले काय आणि अकरा पडले काय, दोन्ही नेहमीच्या चढउतारातच बसतं, आणि त्या दोन रात्रींमध्ये १५ गुणांचा फरक आहे. पाच सामने मिळून १२५ प्रयत्न झाले तरी विचलन सव्वाचार टक्के उरतं. एनबीएच्या ८२ सामन्यांत, म्हणजे २,०५० प्रयत्नांनंतर, ते एक टक्क्यावर येतं. त्यामुळे ‘गेल्या तीन सामन्यांत शूटिंग ढासळलं’ असं लिहिण्याआधी शॉट कुठून आणि कसे घेतले ते बघा: मोकळे होते की हात समोर होता, कोपऱ्यातून की वरून, पास पकडून की ड्रिबलवरून. शॉट तसेच असतील आणि फक्त पडत नसतील, तर गप्प बसणं हेसुद्धा विश्लेषणच आहे.

बचावालाही हेच लागू. समोरच्याने किती थ्री मारले, यावर तुमच्या बचावाचा बराच ताबा असतो. त्यातले किती पडले, यावर पुष्कळ कमी. आणि समोरच्याची फ्री थ्रो टक्केवारी? ती बचावाच्या खात्यात टाकणाऱ्याला थांबवा.

लाइनअपचं प्लस-मायनस (ठरावीक पाच खेळाडू मैदानावर असताना केलेले वजा खाल्लेले गुण) म्हणजे याच आजाराचा मोठा भाऊ. एका पझेशनमधल्या गुणांचं विचलन साधारण १.१५ असतं. म्हणजे १०० पझेशनच्या आक्रमणात ११-१२ गुण नुसत्या योगायोगाचे, आणि आक्रमण-बचाव दोन्ही धरले तर नेट रेटिंगमध्ये (१०० पझेशनमागे केलेले वजा खाल्लेले गुण) १६ च्या आसपास. एखादी पंचकडी १०० पझेशनमध्ये अधिक १० दिसली, तर तिला चांगली म्हणायला तो पुरावा फार तोकडा आहे. शिवाय दोन खेळाडू नेहमी बरोबरच उतरत असतील, तर श्रेय कोणाचं हे प्लस-मायनसला कळूच शकत नाही. २५ गुणांची आघाडी झाल्यावरची शेवटची मिनिटं वेगळी काढा, पण हद्द आधी ठरवून लिहून ठेवा. निकाल बघून हद्द हलवायची नाही.

हंगामाच्या मध्यावर संघ खरंच एवढा चांगला आहे का, असं कोणी विचारलं तर केलेले आणि खाल्लेले गुण पुरतात. केलेले ÷ खाल्लेले या गुणोत्तराचा घात काढायचा, आणि त्याला त्यातच १ मिळवून भागायचं; येतं ते अपेक्षित विजयांचं प्रमाण. एनबीएसाठी घात १४ च्या आसपास घेतात. ११२ करून १०८ खाणारा संघ: (११२ ÷ १०८) चा १४ वा घात १.६६. त्याला २.६६ ने भागलं की ६२.५ टक्के, म्हणजे ८२ सामन्यांत ५१ विजय. प्रत्यक्षात ५७ असतील, तर अटीतटीच्या सामन्यांत नशिबाने हात दिला असण्याची शक्यता मोठी. लहान सामन्यांच्या लीगला हा घात कमी लागतो, तिथे १४ तसाच चिकटवू नका.

शॉर्टकटबद्दल मत विचारलंच तर: खेळाडूचा सगळा खेळ एका आकड्यात कोंबणारी रेटिंग पहिल्या वर्षी वापरू नयेत. ती वाईट आहेत असं नाही, पण आत काय शिजलंय ते माहीत नसताना कोचसमोर बचाव करता येत नाही. तयार डॅशबोर्डचंही तसंच. पायथन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषा शिका, जरूर शिका, पण त्याआधी एक अख्खा सामना व्हिडिओ थांबवत हाताने पझेशन-पझेशन लिहून काढा: कोणाचं, कसं सुरू झालं, कसं संपलं, किती गुण, मैदानावर कोण दहा. पाच रकाने, दीडशेच्या आसपास ओळी. कंटाळवाणं आहे, आणि याला पर्याय नाही. मार्गदर्शक शोधायचाच तर मॉडेलच्या गप्पा मारणाऱ्यापेक्षा स्कोअरिंग टेबलावर वर्षानुवर्षं बसलेला माणूस गाठा. टिप-इन, ब्लॉक, लूज बॉल कसे लिहिले जातात हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

सुरुवातीला सगळं एकदम जुळणार नाही. तुमचा हाताचा हिशेब आणि सूत्राचा अंदाज यांत एक-दोन पझेशनची तफावत राहीलच. त्यासाठी रात्री जागवू नका, प्रत्येक सामन्याला सूत्र तेवढं एकच वापरा.

कोचला द्यायचा कागद एकच पान ठेवा. वर चार घटक, आपले आणि समोरच्याचे. शेजारी हंगामाची सरासरी. खाली जास्तीत जास्त तीन वाक्यं, प्रत्येक वाक्याला दोन-तीन क्लिपच्या वेळा जोडलेल्या. वेळ लिहिताना क्वार्टर आणि घड्याळावर उरलेला वेळ लिहा, व्हिडिओ फाइलमधला नको, कारण कोचकडची फाइल बहुधा वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होते.