युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाविषयी श्रद्धांजलीचा मजकूर कसा लिहावा

मजकूर लिहायला घेण्यापूर्वी सैनिकाचे पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण अधिकृत नोंदींतून मिळवावे आणि नावाचे लेखन कुटुंबीयांना दाखवून पक्के करावे. हे काम कारकुनी वाटले तरी ते आधीच उरकावे, कारण नावच चुकले किंवा गळले तर पुढचा सारा गौरव व्यर्थ जातो. सर्व मृतांचा सन्मान समान व्हावा हे तत्त्व स्वीकारलेल्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या कामाविषयीच्या २०२१ सालच्या अहवालात असे नमूद आहे की, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मृत्यू पावलेल्या किमान १,१६,००० जणांचे, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील लोकांचे, नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही.

त्यानंतर क्रियापद निवडावे. माझ्या मते मजकुराचा खरा कस इथेच लागतो. लढाईत गोळी लागून आलेला मृत्यू, जखमांमुळे पुढे रुग्णालयात ओढवलेला मृत्यू, छावणीतील आजार, अपघात आणि युद्धकैदेतील मृत्यू या साऱ्यांना ‘लढता लढता वीरमरण आले’ हे एकच वाक्य लावू नये. घरच्यांना सत्य ठाऊक असते आणि त्यांना ते वाक्य पोकळ वाटते. ‘कर्तव्यावर असताना मृत्यू आला’ असे लिहिल्याने मान कमी होत नाही. ‘बलिदान दिले’, ‘प्राण अर्पण केले’ या शब्दांत मरणाऱ्याची इच्छा गृहीत धरलेली असते. सक्तीच्या भरतीने रणांगणावर पाठवलेल्या तरुणाविषयी तसे लिहिताना थोडे थांबावे. तिथे ‘प्राण गमावले’ हे अधिक प्रामाणिक ठरते. ‘हुतात्मा’ आणि ‘शहीद’ हे शब्द ध्येयासाठी जाणूनबुजून पत्करलेले मरण सुचवतात, म्हणून कुटुंबीयांना ते हवे आहेत का, हे आधी विचारावे. ‘धारातीर्थी पडले’ हा प्रयोग तलवारीच्या काळातला आहे. सुरुंगस्फोटात गेलेल्या सैनिकाच्या बाबतीत तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

सैनिक बेपत्ता असेल, तर मृत्यू निश्चित मानणारे कोणतेही वाक्य लिहू नये. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकावर नावापुढे चिन्हे कोरून हा भेद जपला आहे: मृत्यू निश्चित झालेल्यांसाठी हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह आणि बेपत्ता असलेल्यांसाठी क्रूस. लेखी मजकुरात ‘अमुक दिनांकापासून बेपत्ता’ एवढे पुरेसे आहे.

आता विशेषणांकडे वळावे. ‘शूर’, ‘अजरामर’, ‘तेजस्वी’ अशी रांग लावण्याऐवजी त्याने केलेली एखादी पडताळलेली गोष्ट सांगावी, उदाहरणार्थ जखमी सोबत्याला त्याने मागे आणले असेल तर तेवढेच. शेवटच्या क्षणी तो काय म्हणाला किंवा ‘हसतमुखाने मृत्यूला सामोरा गेला’ असे साक्षीदार नसताना लिहिणे म्हणजे मृताच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. शत्रूविषयीचा संतापही शक्यतो बाहेर ठेवावा. अब्राहम लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी, अमेरिकी यादवी युद्धातील रणभूमी असलेल्या गेटिसबर्ग येथे, सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणप्रसंगी केलेले भाषण सुमारे २७० शब्दांचे होते आणि त्यात प्रतिपक्षाचा निर्भर्त्सनापर उल्लेख एकदाही नाही. त्याच कार्यक्रमात आधीच्या वक्त्याने सुमारे दोन तास भाषण केले होते.

मजकूर दगडावर कोरायचा असेल, तर लांबी आधीच ठरवून घ्यावी. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रकुलातील समाधीशिळांवर कुटुंबीयांच्या ओळीसाठी रिकाम्या जागांसह ६६ अक्षरांची मर्यादा होती, आणि इतक्या कमी जागेत बहुधा नाते, नाव आणि एखादेच साधे वाक्य मावते. अनेक नावे एकत्र असतील तर ती वर्णानुक्रमे घ्यायची की मृत्यूच्या तारखेनुसार, आणि हुद्दा द्यायचा की नाही, हे एकदाच ठरवून सर्वांना सारखे लागू करावे.

शेवटी मजकूर मोठ्याने वाचावा, कारण समारंभात तो बहुधा वाचूनच दाखवला जातो आणि लांब समास तिथे अडखळवतात. कोरणाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी अंतिम प्रतीवर कुटुंबातील एका व्यक्तीची लेखी संमती घ्यावी.